दादाच्या मेलचा आवाज

आवाज येत नाही अशी तक्रार आली की मी आधी चहा पिते, मग निघते. दहातल्या सहा वेळा स्पीकरची वायर घरातल्याच कुणाच्या तरी पायानं निघालेली असते, आणि माझा चहा होईपर्यंत ती त्यांना सापडते. मग "राहू द्या, झालं" असा फोन येतो आणि माझी चक्कर वाचते. उरलेल्या चौघांकडे जावं लागतं.

बावीस वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. पहिली काही वर्षं लोक दार उघडून माझ्या पाठीमागे बघायचे, दुरुस्तीवाला कुठं आहे म्हणून. आता बघत नाहीत. आता मी आत शिरले की म्हणतात, "आम्ही काहीच केलं नाही हो." माझ्या धंद्यात याच्याइतकं खोटं वाक्य दुसरं नाही. म्हणजे गिऱ्हाइकांच्या बाजूनं नाही. आमच्या बाजूनं एक आहे, ते पुढे येईल.

त्या दिवशीचा फोन कवळीवाल्यांचा होता. "ताई, मेलचा आवाज गेलाय. आजच या. चहा इथंच प्या." माझी सवय त्यांना ठाऊक होती.

कवळीवाले म्हणजे दाताचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप यांच्याकडे येतं आणि हे त्यावरून दात, कवळ्या, दातांवरच्या टोप्या बनवतात. ज्याच्या तोंडात यांचं काम बसतं त्यानं यांना कधी पाहिलेलं नसतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खुर्च्या आणि पार्सलं, मागच्या खोलीत काम. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेणाचे तुकडे, रबरी वाट्या, घासायचं यंत्र, आणि ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, सगळे मिळून मला हसताहेत.

कॉम्प्युटर समोरच्या भिंतीला, म्हणजे काम करताना त्यांच्या पाठीमागे. डॉक्टर लोक दातांच्या रंगाचे फोटो, तारखा, फेरफार सगळं मेलवर पाठवतात. कवळीवाल्यांचे हात दिवसभर कशात ना कशात बुडालेले असतात. त्यामुळे टिंग झालं की हात धुवायचे आणि वळून बघायचं, अशी त्यांची पद्धत. टिंग झालं नाही तर वळायचं कारण नाही.

"कधीपासून गेलाय?" मी विचारलं.

"सहा आठवडे झाले असतील. मी काहीच केलं नाही. फक्त मॉनिटर नवा घेतला."

"आणि सहा आठवडे गप्प बसलात."

"अधूनमधून हात धुऊन बघत होतो. डॉक्टरांचे मेल दिसत होते, नुसता आवाज नव्हता. चाललं होतं." मग त्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं. "पण दादाचा मेल यायचाय. तो दिसतही नाही आणि वाजतही नाही."

दादाचं नाव निघालं तशी मी पिशवी खाली ठेवली. ते प्रकरण मला माहीत होतं.

दादा म्हणजे यांचा थोरला भाऊ. दोघांचा धंदा एकच आणि एके काळी या दोन खोल्याही दोघांच्या. थोरला कवळ्यांत वाकबगार, धाकटा टोप्यांत. आईचे दात गेले तेव्हा दोघांनीही तिच्यासाठी कवळी केली, एकमेकांना न सांगता, पूर्ण वरची-खालची. आता दोन मुलगे दोन जोड घेऊन उभे राहिले तर आईनं करावं काय? तिनं वरची दादाची लावली आणि खालची धाकट्याची. दोघांचंही मन राखलं. फक्त ते दोन भाग एकमेकांसाठी केलेले नव्हते. जेवताना खटखट वाजायचे, चावलं जायचं नाही, आणि बाई वर्षभर काही बोलली नाही. शेवटी पाहुण्यांसमोर एकदा खालची कवळी ताटात पडली आणि बिंग फुटलं. दादा म्हणाला, खालची चुकली. धाकटा म्हणाला, वरची. नाचता येईना अंगण वाकडं, असं दोघांनी एकमेकांना चार लोकांत ऐकवलं. तिथून जे फाटलं ते वेगळी दुकानं, वेगळी घरं आणि मेलवरून भांडण इथवर गेलं. आई दादाकडे राहिली. कवळ्या तिनं बदलल्या नाहीत, वरची त्याची, खालची याची.

भांडण मेलवरून, कारण दादाला ऐकू कमी येतं. तीस वर्षं घासायच्या यंत्राला कान लावून बसला. फोनवर त्याला काही कळत नाही. मेल आला की मोबाइल शर्टाच्या खिशात थरथरतो, ते त्याला समजतं.

"पाच आठवड्यांपूर्वी वहिनी भाजीच्या दुकानात भेटली," कवळीवाले म्हणाले. "आजारपणानंतर आईच्या हिरड्या बसल्या. दोन्ही कवळ्या ढिल्या झाल्यात. दादाचे हात आता थरथरतात, त्याला काम होत नाही. वहिनी म्हणाली, 'हे तुम्हाला लिहिणार आहेत, तुम्हीच करा म्हणून. पण मी बोलले असं म्हणू नका.' म्हणून वाट बघतोय."

"मग तुम्हीच लिहायचंत की."

"त्यानं लिहायचं, मी हो म्हणायचं, असं आहे ते. मी आपणहून गेलो तर त्याला वाटेल, हात थरथरतात कळल्यावर आला टेंभा मिरवायला." त्यांनी मेण पुन्हा हातात घेतलं. "आणि कदाचित त्याचं मन बदललं असेल. मग मी जाऊन काय करू?"

त्यांना आवाज बिघडलेलाच हवा होता. हे मी पूर्वीही पाहिलं आहे. कुणाचा तरी मेल येत नाही आणि माणूस मला बोलावतो. यंत्र बिघडलं असेल तर बरं, नाहीतर तो दोष माणसांकडे जातो. अशा वेळी मी कामाला लागते.

बिघाड सोपा होता. नव्या मॉनिटरच्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जाऊ शकतो. ती जोडली की कॉम्प्युटर समजतो की आता बोलायचं ते मॉनिटरशी. पण या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. सहा आठवडे बिचारा भिंतीशी टिंग टिंग करत होता. मी आवाजाची दिशा पुन्हा जुन्या स्पीकरकडे वळवली. तरी टिंग येईना, कारण मधल्या काळात कवळीवाल्यांनी स्वतःच दिसेल ते बटण दाबून पाहिलं होतं. मेलच्या प्रोग्रामचा वेगळा आवाज शून्यावर गेला होता, आणि 'व्यत्यय नको' नावाची सोय दिवसभरासाठी चालू होती. म्हणे काहीच केलं नाही. दोन्ही नीट केलं, माझ्या मोबाइलवरून एक कोरा मेल पाठवला आणि टिंग झालं.

कवळीवाले लहान मुलासारखे वळले. हातही धुतले नाहीत.

"आता येतील?"

"काय येतील?"

"दादाचे. आवाजाबरोबर अडकले असतील ना कुठंतरी. आता सुटतील."

मला हसू आलं आणि मी हसले. माझं हे चुकतं, पण येतं. "आवाज म्हणजे दारावरची थाप," मी म्हटलं. "थाप ऐकू आली नाही म्हणून आलेला माणूस परत जात नाही, तो आतच असतो. मेल आला असता तर दिसला असता. डॉक्टरांचे दिसले ना?"

"दिसले."

"नको असलेल्या मेलच्या खणात पाहिलंत?"

"रोज बघतो."

"मग आला नाही."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही, पुन्हा तपासा म्हटलं नाही. टेबलाकडे वळले आणि एका वाटीत पाणी घेऊन त्यात प्लास्टर टाकायला लागले. मला वाईट वाटलं. माझंच हसणं माझ्या कानात राहिलं. बरं केलं होतं मी ते यंत्र, आणि त्या माणसाकडे जी एक आशा होती तीच काढून घेतली होती.

जायच्या आधी मी एकदा सगळं बघून घेते. बिल फाडण्यापूर्वीची सवय आहे. मेलच्या प्रोग्राममध्ये नियमांची एक यादी असते: अमक्याचा मेल आला तर तमक्या खणात टाक, वगैरे. ती यादी उघडली. त्यात एकच नियम होता. त्याचं नाव होतं 'दादा'.

तो मी लिहिला होता.

तीन वर्षांपूर्वी, भांडण ऐन भरात होतं तेव्हा, कवळीवाल्यांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, दर तासाला टिंग होतं, हात धुऊन बघतो तर याची शिवी. मला हा आवाज नको. मी नियम लावून दिला. दादाचा मेल आला की तो सरळ 'नंतर' नावाच्या खणात जाईल, वाचलेला म्हणून खूण होईल आणि वाजणार नाही. 'नंतर' हे नाव त्यांनीच सांगितलं. तो खण यादीत पार खाली, मिटलेला. वाचल्याची खूण असल्यामुळे त्याच्यापुढे आकडाही दिसत नाही. चोख काम होतं, माझीच मी पाठ थोपटली होती.

इथवर ठीक. पण आठ महिन्यांपूर्वी आई आजारी पडली, दोघे भाऊ दवाखान्यात एकाच बाकावर बसले, आणि त्या संध्याकाळी यांनी मला फोन केला. "ताई, ते दादाचं काढून टाका." मी एका शाळेत शिडीवर उभी होते, तोंडात स्क्रू. मला त्यांचा कॉम्प्युटर घरूनही उघडता येतो, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, "काढलं." म्हणजे घरी गेल्यावर काढते. घरी गेले, जेवले, झोपले. डायरीत मात्र शिडीवरून उतरल्या उतरल्या बरोबरची खूण केली होती, म्हणून पुन्हा त्या ओळीकडे बघितलंही नाही.

आमच्या बाजूचं खोटं वाक्य ते हेच. झालं.

मी 'नंतर' उघडला. खाली तीन वर्षांपूर्वीची भांडणं. मग मोठी फट. आणि वर, गेल्या पाच आठवड्यांतले, अकरा मेल. काखेत कळसा म्हणतात तो असा. फक्त तो त्यांच्या काखेत मी ठेवला होता.

"सापडले," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. वळता येत नव्हतं. डावा हात मापाच्या साच्यावर, उजव्या हातानं ते त्यात प्लास्टर सोडत होते, खाली प्लास्टरमधले बुडबुडे काढायला थरथरणारं छोटं यंत्र चालू. प्लास्टर एकदा भिजवलं की मोजकी मिनिटं मिळतात. थांबलं तर ते दगड होतं आणि कुणाचं तरी माप वाया जातं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"वाचा."

"तुम्ही हात मोकळे झाले की..."

"वाचा, ताई."

दुसऱ्यांची पत्रं मी वाचत नाही. कॉम्प्युटर उघडा पडलेला असतो, सगळं दिसतं, पण मी नजर बाजूला ठेवते. त्या दिवशी मोठ्यानं वाचलं.

पहिला असा होता: "आईच्या दोन्ही कवळ्या सैल झाल्या आहेत. माझे हात थरथरतात, मी यंत्र विकलं. या वेळी वरची-खालची दोन्ही तूच कर. कधी आणू ते कळव."

त्यांचा उजवा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. "पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचला.

दुसरा: "मेल मिळाला का?" तिसराही तेवढाच. चौथ्यात एक फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "खालच्या हिरडीवर उजवीकडे जखम झाली आहे. माप घेताना तिथं दाब देऊ नकोस. तुझी खालची कवळी तिथं घासते, पण ते असो." पाचवा जरा लांब होता. "मागे जे लिहिलं ते मी परत घेत नाही. वरच्या कवळीत चूक नव्हती, आजही नाही. पण माझ्या एका वाक्यात तुझ्या बायकोचं नाव आलं, ते यायला नको होतं. तेवढ्यासाठी हे लिहितो." सहावा, सातवा, पुन्हा कधी आणू, कधी आणू. आठवा: "आई रोज विचारते, त्याचं उत्तर आलं का. मी सांगतो, कामात असेल." नववा: "काल तिनं दोन्ही काढून डब्यात ठेवल्या. आता पातळच घेते." दहाव्यात फक्त एक प्रश्नचिन्ह होतं. ते कसं वाचायचं मला कळेना, म्हणून मी म्हटलं, "प्रश्नचिन्ह."

अकरावा आदल्या संध्याकाळचा. "उद्या सकाळी साडेअकराला आईला दुसऱ्या एकाकडे मापाला नेतो आहे. तुझा राग माझ्यावर असेल तर मला कळतो. आईवर कशाला, ते कळत नाही. यापुढे लिहिणार नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

"त्याला लिहा," कवळीवाले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "फोन तो ऐकणार नाही. लिहा. दादा, माझ्या कॉम्प्युटरचा आवाज बंद होता."

मी 'दादा' टाइप केलं आणि बोटं थांबली. ते वाक्य लिहिलं असतं तर मी सुटले असते. आवाज बंद होता हे काही खोटंही नव्हतं. मॉनिटर, वायर, शून्यावर गेलेलं बटण, सगळ्यांनी माझ्या बाजूनं साक्ष दिली असती. कवळीवाल्यांना आयुष्यात कळलं नसतं.

"आवाजामुळे नाही झालं हे," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्याचे मेल बाजूला टाकायचा नियम लावला होता."

"तो तुम्ही काढलात. मी फोन केला होता."

"मी काढलं म्हणाले. काढला नव्हता."

खालचं यंत्र तेवढं थरथरत होतं. त्यांनी साचा भरत आणला, वरची कड बोटानं सारखी केली.

"काढलं म्हणालात," ते म्हणाले.

"हो."

"आणि काढलं नव्हतं."

"नाही."

"पाच आठवडे वाट बघतेय ती. आता तर पातळ खातेय."

मी चिडखोर बाई आहे, कुणी अंगावर आलं तर चार शब्द तयार असतात. ते अंगावर आलेच नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

"मग तसं लिहा," शेवटी ते म्हणाले. "जसं झालं तसं. पण आधी हे लिहा, की बंद करायला मीच सांगितलं होतं. तुमचं नंतर."

"ते कळलं तर त्याला लागेल."

"लागू दे. आपलेच दात आपलेच ओठ. लिहा."

मी लिहिलं. "दादा, तुझे अकराही मेल आत्ता मिळाले. तीन वर्षांपूर्वी तुझे मेल मला दिसू नयेत असं मीच करायला लावलं होतं. आठ महिन्यांपूर्वी ते काढायला सांगितलं." इथं ते म्हणाले, "ते निघालं नव्हतं, असं लिहा." मी म्हटलं, "आपोआप निघत नसतं ते," आणि लिहिलं, "कॉम्प्युटरवालीनं काढलं म्हणून सांगितलं, पण काढलं नव्हतं. चूक तिची आहे." पुढचं पुन्हा त्यांचं. "तिथं माप देऊ नका. आईला इकडे आण. दोन्ही करतो."

मेल गेला तेव्हा अकरा एकोणतीस झाले होते.

त्यांनी यंत्र बंद केलं. हात पुढे धरून ते तसेच उभे राहिले, कोपरापर्यंत पांढरे, खिडकीकडे तोंड करून. मला वाटलं, प्लास्टर सुकायची वाट बघताहेत. मग लक्षात आलं, त्यांना डोळे पुसायचे होते आणि पुसता येत नव्हते. मी बघत राहिले नाही. रुमाल द्यावा असं मनात आलं, पण ते मला शोभलं नसतं.

टिंग झालं.

आम्ही दोघेही दचकलो. एका डॉक्टरांचा मेल होता, पुढच्या दाताचा रंग एक छटा फिका हवा. "राहू दे," कवळीवाले म्हणाले. अकरा पस्तीस झाले, चाळीस झाले. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पुढच्या खोलीतल्या एका खुर्चीवरची पार्सलं उचलून जमिनीवर ठेवली. खुर्ची पुसली, आणि मग कुणी येणार नाही असं वाटून की काय, त्यातलं एक पार्सल परत खुर्चीवर ठेवलं.

अकरा बेचाळीसला पुन्हा टिंग झालं. या वेळी ते माझ्या आधी पोचले, पण वाचायला मलाच लावलं. चष्मा टेबलावर राहिला होता.

"अजून आत बोलावलं नव्हतं. निघालो. मला आता कुणाचाच आवाज येत नाही, तू माझा एकट्याचा बंद केलास त्यात काय. आईला तुझं सगळं वाचून दाखवलं. ती चिडली आहे. तुझ्यावर नाही."

कवळीवाले ते ऐकून पुढच्या खोलीत गेले आणि खुर्चीवर बसले, त्या पार्सलावरच. मग उठले आणि ते चेपलेलं पार्सल बाजूला ठेवलं.

"ताई," ते म्हणाले, "तो नियम काढा. आता. माझ्यासमोर."

ते माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. मी नियम निवडला, काढून टाकला, यादी रिकामी झालेली दाखवली. 'नंतर'मधले अकरा मेल ओढून मुख्य खणात आणले. त्यांनी एकेक बोटानं मोजले. बावीस वर्षांत माझं काम कुणी असं मोजून घेतलं नव्हतं. आणि मला राग आला नाही, हेही पहिल्यांदाच.

बिल मी फाडलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. चहाचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि निघाले. खोटं कशाला सांगू, ते दोघे पोचायच्या आत निसटायचं होतं मला. दादाला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी बघायची इच्छाही नव्हती.

जिन्याच्या वळणावर ते भेटले. उंच माणूस, आईच्या कोपराखाली हात धरून एकेक पायरी चढवत होता. हात थरथरत होता, त्यामुळे तिचा कोपरही थरथरत होता. दुसऱ्या हातात प्लास्टिकचा छोटा डबा. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्यानं माझी पिशवी पाहिली, तिच्यातून लोंबणारी वायर पाहिली आणि ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तशा मोठ्या आवाजात विचारलं, "तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या?"

मी मान हलवली.

म्हातारी थांबली. एवढीशी बाई, गाल आत गेलेले. तिनं मुलाचा हात सोडवला, कठडा धरला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल म्हटलं मनात, मला ते सोपं जाईल.

तिनं तोंड उघडलं. बोटानं खालचा ओठ ओढून धरला आणि मान जिन्याच्या खिडकीकडे, उजेडाकडे वळवली. उजवीकडे हिरडीवर वाटाण्याएवढी जखम होती, मध्ये पांढरी, कडेनं लाल. तिच्या मागे आणखी एक होती. ती फोटोत नव्हती. तिनं घाई केली नाही. डॉक्टरसमोर धरतात तसं धरून ठेवलं, आणि मी बघते आहे ना हे ती बघत राहिली.

"दिसलं?" तिनं विचारलं.

"दिसलं," मी म्हटलं.

मग तिनं ओठ सोडला, तोंड मिटलं आणि मुलाकडे हात केला. वर दार उघडलं होतं आणि कवळीवाले धुतलेले हात पुढे घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ती पुढच्या पायरीवर चढली.